मराठवाड्यातून थरच्या वाळवंटात: एसटी, रेल्वे, रोडवेज आणि उंट

जैसलमेरच्या पॅकेज टूरमध्ये उंटावर बसायला मिळतं ते जेमतेम पाऊण तास. बाकीचा पैसा जीप, तंबू, नाचगाणं आणि मधले दलाल खातात. ज्यांना वाळवंटात खरंच रात्र काढायची आहे त्यांनी हिशोब उलटा मांडावा: जाण्यायेण्यात आणि लॉजमध्ये वाचेल तेवढं वाचवायचं आणि ते उंटावर घालायचं. उंटाच्या भाड्यात घासाघीस करून दोनशे रुपये सुटतात, पण त्याच दोनशेंपायी उंटवाला एक रजई, दोन बाटल्या पाणी किंवा अख्खा एक उंट कमी करतो. लातूर, बीड, धाराशिव, परभणी, नांदेड, जालना, कुठूनही निघा. आठ दिवस आणि एसटीचं भाडं सोडून माणशी आठ ते दहा हजार रुपये धरून चाला.

कधी जायचं

रब्बीची पेरणी उरकल्यावर आणि ज्वारीच्या काढणीआधी. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट एवढाच काळ नवख्यांसाठी ठीक. मार्चअखेर दुपारी वाळू तापायला लागते आणि मे महिन्यात तर विचारच करू नका. जोधपूर-जैसलमेर वाटेवरच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं होतं. आपल्याला परभणी-नांदेडच्या उन्हाळ्याची सवय आहे हे खरं, पण तिथे झाड, भिंत, नळ काहीच हाताशी नसतं.

हिवाळ्यातल्या तीन वेळा टाळा. दिवाळीनंतरचा आठवडा, कारण तेव्हा गुजरातमधून लोंढा येतो. २० डिसेंबर ते ५ जानेवारी. आणि माघ पौर्णिमेच्या सुमाराचा जैसलमेरचा मरू महोत्सव, कारण त्या दिवसांत लॉजचे आणि उंटांचे भाव दुप्पटीवर जातात. आकाशभर तारे बघायचे तर अमावस्येच्या मागेपुढे जा. रात्री वाळूत फिरायचं असेल तर पौर्णिमा बरी.

मराठवाडा ते जोधपूर

मुंबईहून सुटणाऱ्या सूर्यनगरी आणि रणकपूर या गाड्या जोधपूरला जातात, पण त्या मराठवाड्याच्या जवळूनही जात नाहीत. त्या पकडायच्या सुरतेला. सुरतेपर्यंत असं जा:

१. लातूर, बीड, धाराशिवकरांनी एसटीने छत्रपती संभाजीनगर आणि तिथून अजिंठा-फर्दापूरमार्गे जळगाव गाठावं. संभाजीनगर ते जळगाव साधारण १६० किलोमीटर आहे, चार-साडेचार तास धरा. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, म्हणून एसटीचा टप्पा जेवढा लांब तेवढा फायदा. आधार कार्ड जवळ असू द्या.

२. नांदेड, परभणी, जालनेकरांना रेल्वेने मनमाडला उतरून जळगाव-भुसावळकडे जाता येतं. हिंगोलीकरांना अकोलामार्गे भुसावळ सोपं.

३. जळगाव किंवा भुसावळहून अमळनेर-नंदुरबारमार्गे सुरत. या मार्गावरच्या काही गाड्या सुरत स्टेशनात न जाता अलीकडे उधन्याला थांबतात. तिकीट काढताना शेवटचं स्टेशन बघा. उधना ते सुरत रिक्षाने किंवा सिटी बसने जाता येतं.

४. सुरतेहून जोधपूरचं स्लीपरचं तिकीट आधी काढून ठेवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि थंडीत वेटिंग लवकर लागतं. जळगावची गाडी आणि सुरतेची गाडी यांत किमान चार तास मोकळे ठेवा. दोन तिकिटं वेगवेगळी असली की पहिली गाडी लेट झाल्यावर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बहुतेक बुडतात.

नांदेडहून श्रीगंगानगरला गाड्या जातात हे पाहून अनेकजण तिकीट काढून मोकळे होतात, कारण श्रीगंगानगर राजस्थानातच आहे. पण त्यातल्या काही दिल्लीवरून जातात आणि तुम्हाला थरच्या पार वरच्या टोकाला नेऊन सोडतात. मधल्या स्टेशनांत जोधपूर किंवा बिकानेर असेल तरच ती गाडी तुमच्या उपयोगाची.

जोधपूर ते जैसलमेर

रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर, बसने पाच ते सहा तास. राजस्थान रोडवेजच्या गाड्या राईकाबाग स्टेशनजवळच्या स्टँडवरून सुटतात. आपल्या एसटीसारखाच कारभार आहे: चौकशीची खिडकी, बोर्डावर हिंदीत गावं, तिकीट कंडक्टरकडे. साध्या आणि एक्सप्रेस गाडीचं भाडं किलोमीटरमागे रुपयाच्या आसपास पडतं. महिलांनी सवलतीबद्दल कंडक्टरला जरूर विचारावं. खासगी स्लीपर कोच थोडा महाग पडतो आणि पुष्कळदा गावाबाहेर उतरवतो, म्हणजे वर रिक्षाचे पैसे.

बसायची बाजू ठरवून घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि गाडी पश्चिमेला चाललेली असते, त्यामुळे दिवसभर ऊन डावीकडून येतं. जाताना ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी धरा, येताना दाराच्या बाजूची. खिडकी पूर्ण उघडू नका. पोखरणच्या पुढे बारीक धूळ आत येते आणि संध्याकाळपर्यंत घसा बसतो.

रेल्वेचा मार्ग ओसियाँ, फलोदी, रामदेवरा, पोखरण असा आहे. रात्री निघून पहाटे जैसलमेरला पोहोचणारी गाडी मिळाली तर एका रात्रीचं लॉज वाचतं. ज्यांच्याकडे दिवस कमी आहेत त्यांनी जैसलमेरपर्यंत न जाता ओसियाँलाच उतरावं. जोधपूरपासून ते ६५ किलोमीटरवर आहे, सच्चियाय मातेचं जुनं मंदिर आहे, वाळूचे धोरे म्हणजे टेकड्या आहेत आणि उंटही मिळतात. मोकळेपणा मात्र जैसलमेरकडचा नाही.

जैसलमेरमध्ये एकच रात्र

स्टँडवर किंवा स्टेशनवर उतरताच लोक घेरतात. तिथे त्यांना लपके म्हणतात. शंभर-दीडशे रुपयांत खोली देऊ असं सांगतात आणि सफारी त्यांच्याकडून घेतली नाही तर सकाळी खोलीचा भाव पालटतो. एकच वाक्य पुरे: बुकिंग झालंय. थांबू नका, वाद घालू नका.

मुक्काम किल्ल्याबाहेर करा. ११५६ साली बांधलेल्या या किल्ल्यात आजही लोक राहतात आणि पाण्याचा वाढलेला वापर टेकडीत मुरून तटबंदी खिळखिळी होते, ही तिथली जुनी अडचण आहे. बाहेरची खोली स्वस्तही पडते. किल्ला पायी फिरून बघा. जादा सामान लॉजवर ठेवून पावती घ्या. एटीएममधून पुढच्या तीन दिवसांची रोकड इथेच काढा, पाचशेच्या थोड्या आणि शंभराच्या जास्त नोटा. पुढे मोबाइलला रेंज येते आणि जाते, त्यामुळे फोनवरून पैसे देऊ या भरवशावर राहू नका.

गावात कसं जायचं

बहुतेक टूर जातात सम या गावाला. ते पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. धोरे मोठे आहेत, पण त्यांच्यासमोर तंबूंच्या रांगा, जीप आणि रात्री लाउडस्पीकर. नवख्यांनी खुहडीला जावं. नैऋत्येला जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे, नकाशावर खुरी असंही दिसेल. इथे खरंखुरं गाव आहे, लोक घरातच दोन-तीन खोल्या देतात आणि उंटवाला समोर बसून बोलतो.

खुहडीची गाडी गावाच्या सोयीने चालते, पर्यटकाच्या नाही. गावातले लोक सकाळी जैसलमेरला बाजाराला, दवाखान्याला येतात आणि दुपारपर्यंत परततात. म्हणून तिकडे जाणारी गाडी दुपारी आणि तिकडून येणारी सकाळी, हा ढोबळ नियम. दिवसातून मोजक्याच फेऱ्या. आदल्या संध्याकाळी स्टँडवर दोघांना तरी वेळ विचारा, एक कंडक्टर आणि एक चहावाला. दोघांचं जुळलं तर त्या वेळेच्या अर्धा तास आधी हजर राहा. गाडीत ढेपेची पोती, तेलाचे डबे, कधी शेळीसुद्धा असते. सॅक टपावर गेली तर ती प्लास्टिकच्या पोत्यात घालून तोंड बांधा, नाहीतर आतल्या कपड्यांत वाळू जाते.

या वेळापत्रकामुळे हिशोब असा बसतो: पहिल्या दुपारी गावात, तिथेच मुक्काम, दुसऱ्या सकाळी उंट, रात्र वाळूत, तिसऱ्या सकाळी गावात परत आणि लगेच गाडी. सकाळी निघून संध्याकाळी परत यायचा बेत खुहडीला जमत नाही. तो जीप घ्यायला भाग पाडतो आणि वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

उंटवाल्याशी बोलणी

राम राम सा म्हणून सुरुवात करा, चहा आला तर घ्या, घाई करू नका. दीड दिवस आणि एक मुक्काम, जेवणासह, माणशी अडीच ते तीन हजारांपर्यंत मागितले तर तो भाव वाजवी समजा. पैशांआधी या गोष्टी ठरवा:

- माणशी एक उंट, की दोघांत एक? दोघांत एक म्हणजे मागच्याची पाठ दुखणार. नकोच म्हणा.
- प्रत्यक्ष उंटावर किती तास? रोज चार तास पुरे.
- पाणी किती? माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं, स्वयंपाकाचं वेगळं.
- रजया किती? जानेवारीत माणशी दोन पांघरायला, एक खाली.
- जेवण काय आणि किती वेळा? गाणंबजावणं, फोटो, जीप यांचे वेगळे पैसे आहेत का?

अर्धे पैसे आधी, अर्धे परतल्यावर. सगळे आधी देऊ नका.

मग उंट बघा. खोगीर काढायला सांगा, त्यात कुणाला राग येत नाही. त्याला तिकडे पलाण म्हणतात. पाठीवरच्या उंचवट्याच्या, म्हणजे मदारीच्या, दोन्ही बाजूंना ओली जखम, नाकपुडीतल्या खुंटीभोवती पू किंवा माशा, चालताना एक पाय आखडता, यातलं काही दिसलं तर दुसरा उंट मागा. उंटाला दुखत असेल तर तो वाटेत खाली बसतो आणि मग कुणाचंच ऐकत नाही. हिवाळा हा नराच्या माजाचाही काळ. तोंडाला फेस येतो, गुरगुरतो आणि मधूनच गुलाबी फुग्यासारखं काहीतरी तोंडाच्या कडेने बाहेर काढतो. ते मऊ टाळू असतं, जीभ नव्हे. असा नर चावू शकतो. नवख्याला मादी किंवा खच्ची केलेला उंट द्या म्हणून स्पष्ट सांगा.

२०१९ च्या पशुगणनेत राजस्थानात जेमतेम दोन लाख तेरा हजार उंट उरले होते. २०१२ ला सव्वातीन लाखांच्या आसपास होते. शेतीला ट्रॅक्टर आला, मालाला पिकअप आली, उंटाला काम राहिलं नाही. २०१४ साली त्याला राज्यपशू केलं, पण पाळणाऱ्याच्या हातात चारा-पाण्याचे पैसे येतात ते अशा फेऱ्यांतूनच. म्हणून इथे कंजुषी करू नका, असं आम्ही परत परत सांगतो.

चढणं, बसणं, उतरणं

पडण्याचे बहुतेक प्रकार उंट उठताना आणि बसतानाच होतात, चालताना नाही.

उंट गुडघे मोडून बसलेला असताना डाव्या बाजूने जा. उंटवाल्याने दोरी हातात धरली आहे आणि पाय उंटाच्या दुमडलेल्या पुढच्या पायावर ठेवला आहे याची खात्री केल्याशिवाय टांग टाकू नका. बसल्यावर दोन्ही हातांनी पलाणाचा पुढचा खुंट धरा. उंट आधी मागचे पाय सरळ करतो, त्या क्षणी तुम्ही एकदम पुढे फेकले जाता. त्यामुळे तो हलायच्या आतच कंबरेतून मागे रेला. लगेच पुढचे पाय उठतात आणि तुम्ही मागे जाता, तेव्हा सरळ या. बसताना पुढचे गुडघे आधी खाली जातात, म्हणून पुन्हा मागे रेलायचं. मोबाइल तेव्हा खिशात हवा, हातात नको.

चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. त्यामुळे डावी-उजवी डोलती चाल येते. कंबर सैल सोडा. मांड्यांनी पलाण आवळून धरलं की तासाभरात मांड्यांचे आतले स्नायू कडक होतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. रिकीब असेल तर मागून घ्या, नसेल तर दोरीचे फास करून देतात. पाय लोंबते राहिले की मुंग्या येतात. तास-सव्वातास बसलात की पंधरा-वीस मिनिटं उंटासोबत चाला. त्याचा नेहमीचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर, सहज जमतं. धोऱ्याच्या तीव्र उतारावर भीती वाटली तर खाली उतरा. नाकातली दोरी ढिलीच ठेवा. ती जिवंत मासातल्या खुंटीला बांधलेली असते. हिसका दिला की उंट ओरडतो आणि मान फिरवतो.

कपडे: जाड शिवणीची जीन्स नको, मांडीला सोलवटतं. सैल पायजमा किंवा सलवार, आत सायकलवाल्यांची घट्ट चड्डी. पाचवारी साडीत टांग टाकता येत नाही, काष्ट्याची नऊवारी मात्र चालते. डोक्याला उपरणं, मानही झाकेल असं.

वाळूतली रात्र

दुपारी २४-२५ अंश आणि पहाटे ५-७, कधी त्याहून खाली. वाळू तापते झटपट आणि निवतेही झटपट. साडेसहानंतर स्वेटर शोधायला वेळ मिळत नाही. तो सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा. कानटोपी आणि मोजे हवेतच.

झोपायची जागा उंटवाल्याबरोबर बघा. दोन धोऱ्यांमधल्या खोलगट भागात थंड हवा साचते, माथ्यावर वारा. मधल्या सपाट टप्प्यावर झोपा. खाली ताडपत्री हवी, सोयाबीन झाकायची सहा बाय आठची हलकी प्लास्टिकची चालते. घरची घोंगडी थंडीला उत्तम, पण एक अडचण आहे: भुरट. हे तिकडचं गवत, त्याची बारीक काटेरी बोंडं लोकरीला आणि मोज्यांना चिकटतात आणि उपटताना काटा बोटात मोडतो. म्हणून घोंगडीवर सुती चादर घ्या आणि एक छोटा चिमटा जवळ ठेवा. काटा मोडला तर दाबू नका, टॉर्चच्या उजेडात चिमट्याने सरळ ओढा.

बूट पांघरुणाखाली, पायाशी. सकाळी उलटे करून झटका, कारण विंचू असतात. फुरसं थंडीत कमी दिसतं, तरी अंधारात झुडपात टॉर्चशिवाय जाऊ नका. रात्री अंगावरून काळे भुंगे चालतील, ते काही करत नाहीत.

जेवणात बाजरीची जाड भाकरी, तिला सोगरा म्हणतात, सोबत कढी किंवा केर-सांगरी. केर हे तिकडच्या एका झुडपाचं छोटं फळ आणि सांगरी म्हणजे आपल्या शमीच्याच, तिकडच्या खेजडीच्या, शेंगा. भांडी वाळूने आणि राखेने घासतात, पाण्याने नाही. जैसलमेरला वर्षाला दीडशे ते दोनशे मिलिमीटरच पाऊस पडतो. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. आंघोळीला पाणी मागू नका. शेकोटीसाठी खेजडीची ओली फांदी तोडू देऊ नका, छोटा जाळ पुरतो. घरून धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पेंडखजूर नेलेत तर मधल्या वेळची सोय होते. धपाटे दोन-तीन दिवस टिकतात.

शौचाला माणसांपासून आणि पाण्याच्या जागेपासून लांब जा, वीतभर खड्डा करून बुजवा. कागद, पॅड, पिशव्या परत आणा. कोरड्या वाळूत त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात आणि उंट-शेळ्या खातात.

काय बिघडतं

थंडी असल्यामुळे तहान लागत नाही आणि दुपारी डोकं ठणकतं. हवा कोरडी असते, घाम जाणवतच नाही. लघवी गडद पिवळी दिसली की ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात घालून हळूहळू प्या.

खुहडी-सम भागाला लागून मरू राष्ट्रीय उद्यान आहे, ३१६२ चौरस किलोमीटरचं. सोलापूरजवळच्या नान्नजला दिसायचा तो आपला माळढोक पक्षी आता मुख्यतः तिथेच तग धरून आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. कुंपण असेल तिथे आत जाऊ नका, उंटवाला जवळचा रस्ता म्हणाला तरी.

सकाळची गाडी चुकली तर घाबरून जीप करू नका. दूध घेऊन किंवा मजूर घेऊन जैसलमेरला जाणारी पिकअप गावात बहुधा असते, पन्नास-शंभर रुपयांत नेतात. त्यासाठीच परतीची रेल्वे त्याच दिवशी संध्याकाळनंतरची धरा, दुपारची नको.

एसटीचं भाडं गावाच्या अंतराप्रमाणे वेगळं. बाकी माणशी खर्च साधारण असा: सुरतमार्गे जाऊन-येऊन स्लीपर १३०० ते १६००, जोधपूर-जैसलमेर दोन्ही वेळचे ६००, खुहडीची गाडी आणि रिक्षा ३००, तीन रात्री खोली दोघांत मिळून माणशी १२०० ते १५००, उंट ३०००, जेवण-चहा दिवसाला २५० ते ३००. वर पाचशे रुपये वेगळे बांधून ठेवा. उंट नीट सांभाळला, रात्री उठून पांघरूण बघितलं, तर ते परतीच्या सकाळी थेट उंटवाल्याच्या हातात द्या, खोलीच्या मालकाच्या नाही.